पंधरावी वस्तू

पंधरावी वस्तू निघाली तेव्हा मी चराच्या काठावर पाय सोडून शेंगा खात बसलो होतो.

"पराग सर," खालून एफुआ म्हणाली, "हे काय आहे ते सांगू नका. फक्त एवढंच सांगा, आम्ही थांबायचं का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "ते लोक तीन हजार वर्षं थांबलेत. त्यांना अजून किती ताटकळत ठेवणार?"

हा माझा दर शिबिरातला ठरलेला विनोद होता. आठ विद्यार्थी होते, सहा देशांतले. त्यातले दोघं हसले, एकानं वहीत लिहून घेतला. एफुआ हसली नाही. तिनं ब्रशनं चराच्या कडेची माती हलकेच झाडली आणि बाजूला झाली, मला दिसावं म्हणून.

कडेत एक लालसर वर्तुळ होतं. जेवणाच्या ताटाएवढं. भिंतीत बसवलेला पाइप कुणी करवतीनं कापावा तसं. आत माती गच्च भरलेली, आणि मातीत काड्यांसारखं काहीतरी.

माझ्या तोंडातली शेंग तशीच राहिली. कारण माझ्या यादीत चौदाच वस्तू होत्या.

ही यादी कसली ते सांगायला हवं. प्रवरेच्या काठी पिंपळथडी नावाचं गाव आहे. गावाबाहेर पांढरीची टेकडी. जुनी वस्ती मोडून तिची राख-माती साठते, तिला आमच्याकडं पांढरी म्हणतात. आमच्या निफाडकर मॅडम तिथं दर जानेवारीत उत्खनन करायच्या, आणि एक परदेशी संस्था तिथंच एकवीस दिवसांचं प्रशिक्षण शिबिर घ्यायची. घानापासून चिलेपर्यंतची मुलं यायची, ट्रॉवेल, म्हणजे माती खरवडायची छोटी थापी, कसा धरायचा ते शिकायची. पण शिकाऊ हाताला थेट खऱ्या जागेवर कोण सोडणार? म्हणून टेकडीच्या पायथ्याशी, पांढरी जिथं संपते तिथं, सरावाचा एक खोटा चर असायचा. त्यात आम्हीच वस्तू पुरायच्या. मुलांनी त्या थराथरानं काढायच्या, मोजायच्या, चित्रं काढायची. आणि अठराव्या दिवशी मॅडमना चर 'वाचून' दाखवायचा: इथं आधी काय झालं, मग काय झालं, कुणी केलं.

त्या वर्षी चर तयार करायचं काम माझ्याकडं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि खोटा इतिहास तयार करण्यात मला गती होती. कुंभाराकडून मडकी आणून फोडली. चूल मांडली, जाळली, विझवली. एका लग्नातून अख्ख्या बोकडाची हाडं मिळवली, हाडं कशाला हवीत ते सांगितल्यावर वरपक्षानं मला जेवायलाही बसवलं. तिसऱ्या थरात एक सिमकार्ड पुरलं, कोण दचकतं ते बघायला. आणि सगळ्यांत शेवटी, तळाशी एक वेगळा खड्डा खणून बोकडाचं समारंभपूर्वक दफन केलं. चौदावी वस्तू. कुदळ एकदा कुठंतरी खच्चकन लागली. असे आवाज येतात, जमिनीत दगड असतात.

खोटा चर घेण्याआधी एक नियम मात्र खरा होता. आधी हातभर रुंद चाचणी-खड्डा घ्यायचा, मुरमाच्या खडकापर्यंत जायचं, खाली जुनं काही नाही याची खात्री करायची आणि नोंदवहीत लिहून सही करायची. मी गुडघाभर गेलो. पिवळा, घट्ट मुरूम लागला. मी लिहिलं: 'नैसर्गिक थर लागला.' खाली सही. सही झोकदार होती, तेव्हा मी सहीचा सराव करत होतो. पासपोर्ट नुकताच आला होता.

कारण पुढचं शिबिर जॉर्जियात होतं. तिथं शिकवायला आमच्या शिबिरातला एक जण जाणार होता आणि त्याचं नाव मॅडम कळवणार होत्या, अठराव्या दिवशी, चराचं वाचन ऐकून. मी आतापर्यंत परदेश सोडा, बेळगावसुद्धा पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात जॉर्जियात बर्फ पडत होता आणि मी त्यात उभा राहून थराबद्दल गंभीरपणे काहीतरी सांगत होतो.

आज सतरावा दिवस होता.

"सर?" एफुआ म्हणाली.

ती घानाची. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि हाडं हा तिचा विषय. आवाज कधी चढायचा नाही. मी चरात उतरलो. त्या काड्या काड्या नव्हत्या. एक माझ्या तळहाताहून जराशी लांब होती, एक त्याहून मोठी, आणि शेजारी बरगड्या, कंगव्याच्या दातांसारख्या ओळीनं.

"ही मांडी," एफुआ म्हणाली. "मूल आहे. दीड वर्षाचं, फार तर दोन."

 टेकडीवरून मजुरांच्या घमेल्यांचा आवाज येत होता.

मला काय आहे ते कळलं होतं. मीच दुसऱ्या दिवशी त्यांना शिकवलं होतं. त्या काळात इथले लोक मूल गेलं की दोन मडकी घ्यायचे, मूल आत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायचे आणि घरातच पुरायचे. राहत्या घराच्या जमिनीखाली. इथं एकच मडकं होतं. पायांकडचं. डोक्याकडचं मडकं जिथं असायला हवं, तिथं माझ्या बोकडाचा खड्डा होता.

आता माणूस अशा वेळी काय करतो? मी टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" मी म्हणालो. "तुम्हाला सापडणार नाही असं वाटलं होतं. ही पंधरावी वस्तू. मीच पुरली होती."

आठ तोंडं माझ्याकडं वळली. कौतुकानं नव्हे.

"तुम्ही," एफुआ एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "सरावासाठी एका मुलाची हाडं आणलीत?"

"अं..."

"कुठून?"

मी हा प्रश्न धरला नव्हता. माझ्या लक्षात आलं, की एका खोटेपणातून सुटायला मी जे बोललो त्यात मी आता स्मशानातला चोर ठरत होतो, किंवा त्याहून वाईट.

"प्लास्टिकची आहेत," मी म्हणालो. "पुण्यात मिळतात."

मातियास नावाचा चिलेचा मुलगा तिथं होता. ओरडला तरी हसतोय असं वाटावं असा चेहरा. त्यानं खाली पडलेला नखाएवढा तुकडा उचलला, पँटला पुसला आणि जिभेला लावला. हेही मीच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी. दगड की हाड असा संशय आला तर जिभेला लावा, जुनं हाड असेल तर चिकटतं.

मातियासनं हात सोडला.

तुकडा चिकटला. तो जीभ बाहेर काढून तसाच उभा राहिला. बोलता येईना, कारण बोलला तर पडला असता. आणि गिळायचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही बाकीचे आठ जण त्या जिभेकडं बघत होतो. मी आयुष्यात अनेकदा खोटं बोललोय, पण असं उघडं पडणं पुन्हा नशिबी आलं नाही.

एफुआनं चिमटीनं तुकडा काढून घेतला आणि कागदी पिशवीत ठेवला. पिशवीवर तारीख लिहिली.  

"मॅडमना बोलवा," ती कुणालातरी म्हणाली.

मॅडम टेकडीवरून उतरून आल्या. डोक्याला रुमाल, हातात मोजपट्टी. साठीच्या जवळपास, बुटक्या, आणि चरात उतरताना कुणाचा हात घ्यायच्या नाहीत. कडेसमोर उकिडव्या बसल्या. बराच वेळ बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्याचं वाचन आत्ताच घेऊ. एफुआ, तू सांग. पराग, तू वर थांब. तू शिक्षक आहेस, तू मध्ये बोलायचं नाही."

मी वर थांबलो. शेंगांची पुडी हातातच होती. ती कुठं ठेवावी ते कळेना.

एफुआनं ट्रॉवेलच्या टोकानं कडेवर एक रेष दाखवली. "हा पिवळा मुरूम. आम्हाला आधी वाटलं, नैसर्गिक आहे. पण जवळून बघा. यात तीन पातळ काळे थर आहेत. शेणाचे. कुणीतरी मुरूम आणून पसरला, चोपला, सारवला. पुन्हा सारवला. पुन्हा सारवला. ही घराची जमीन आहे."

 मी ज्याला पृथ्वीचा तळ समजून झोकदार सही केली होती, ती कुणाच्यातरी घराची फरशी होती. पांढरी जिथं संपते असं आम्ही धरलं होतं, तिथं ती संपतच नव्हती.

"पुढं?" मॅडम म्हणाल्या.

"या जमिनीखाली मूल ठेवलं. दोन मडक्यांत. वरून पुन्हा सारवलं. मग खूप काळ काही नाही. आणि मग, अगदी अलीकडं, हा खड्डा." तिनं बोकडाच्या खड्ड्यावर बोट फिरवलं. "एकच माणूस. एकटा. कुदळीचे सगळे घाव एकाच बाजूनं उतरतात. डावखुरा आहे."

मी पुडी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"घाईत होता," मातियासनं पुस्ती जोडली. "कड सरळ केलेली नाही. त्याला शिकवलेलं दिसत नाही."

"त्याला मी शिकवलंय," मॅडम म्हणाल्या. "पुढं."

"कुदळ इथपर्यंत येते." एफुआ जरा थांबली. "हा शेवटचा घाव. हा मडक्यात गेलाय, बघा, काठावर टोकाची खूण आहे. यानंतर कुदळ नाही. पुढचं सगळं फावड्यानं, बाजूला, चपटं, हळू. म्हणजे हत्यार बदललं. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, खड्ड्याच्या तळाशी, बोकडाच्या हाडांच्या खाली, हे."

तिनं एक पिशवी उघडून मॅडमच्या तळहातावर ओतली. वरून मला ते नीट दिसलं. शेंगांची टरफलं.

"एकोणतीस अर्धी टरफलं," ती म्हणाली. "म्हणजे पंधरा शेंगा. सगळी एका जागी पडलीत, कुणी काठावर बसून टाकावीत तशी. मी काल वेळ लावून खाऊन बघितल्या, तेव्हा हे काय आहे ते माहीत नव्हतं. पंधरा शेंगांना पाच मिनिटं लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यानं आवाज ऐकला, मॅडम. तो थांबला. पाच मिनिटं काठावर बसला. काय फुटलं ते खाली उतरून बघता आलं असतं. आणि मग त्यानं कुदळ ठेवली, फावडं घेतलं आणि पुढं चालू केलं."

वर सांगताना मी म्हणालो होतो ना, की असे आवाज येतात. येतात. पण दगडाचा आवाज निराळा असतो आणि मडक्याचा निराळा, आणि मला तो फरक ओळखण्याचा पगार मिळायचा. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मला स्वतःलासुद्धा नाही. आणि समोर एक घानाची मुलगी, जिला मी सतरा दिवसांपूर्वी ट्रॉवेल कसा धरायचा ते शिकवलं होतं, ती ती पाच मिनिटं मातीतून मोजून काढत होती.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टरफलं परत पिशवीत भरली.

"डोक्याकडचं मडकं कुठं आहे?" त्यांनी वर बघितलं. "पराग. माती कुठं टाकलीस?"

मला खरंच आठवेना.  तेवढ्यात मंडपातून कौसामावशींनी ताट वाजवलं. त्या गावातल्याच, शिबिराचा स्वयंपाक त्यांच्याकडं. त्यांचं ताट वाजलं की सहा देश एका ओळीत बसायचे.

"आधी जेवा," मॅडम म्हणाल्या. "कोण काय बोलतंय ते उपाशीपोटी कळत नाही."

मंडपात सतरंजीच्या पट्ट्यांवर आम्ही बसलो. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी. कौसामावशी ओळीतून वाढत चालल्या होत्या.

"काय रं सर, कोण मेलं का काय?" त्या मला म्हणाल्या. "तोंडं बघा एकेकाची."

मी भाकरी मोडली. उत्तर तसं हो असंच होतं.

एफुआला मराठीतले सहा शब्द यायचे, सगळे स्वयंपाकघरातले. तिनं हात पुढं केला. "मावशी, मीठ."

मावशींनी मीठ पुढं सरकवलं.

मीठ एका खापरात असायचं. लालसर, खोलगट, वर काळ्या रेघा. पहिल्या दिवसापासून ते ओळीतून फिरत होतं. मी एकदा त्यावर म्हणालोही होतो, की मावशींची क्रोकरी आमच्यापेक्षा जुनी दिसते. सगळे हसले होते.

एफुआनं चिमूटभर मीठ घेतलं. मग तिचा हात थांबला. तिनं खापर हळूच कलतं केलं, मीठ ताटात ओतलं आणि काठ बघितला. काठावर कुदळीच्या टोकाची खूण होती. अर्धी. दुसरी अर्धी तिनं तासाभरापूर्वी चरात दाखवली होती.

मातियासनं घास तोंडातून परत ताटात ठेवला.

"मावशी," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे खापर कुठं मिळालं?"

"ते व्हय? मातीत आलं. चांगलं वाटलं म्हून धुऊन घेतलं."

"कुठल्या मातीत?"

"आता कुठल्या म्हंजी? या सरानंच दिली न्हाई का. शिबिराच्या आधी म्या म्हणले, मंडपाला जमीन करायला माती पायजे, तर ह्यो म्हणला, मावशी, ही घ्या, उकरलेलीच हाय. चार घमेली टाकली. चोपली, सारवली." त्यांनी आमच्या पायांखाली बोट केलं. "हीच की."

मला आठवलं. मीच घमेली उचलून दिली होती. मदत म्हणून. मावशींनी मला त्या दिवशी चहा दिला होता.

मॅडमनी ते मुलांना इंग्रजीत सांगितलं. सगळ्यात आधी एक जर्मन मुलगी उठली. मग सगळेच. आठ जण, हातात ताटं घेऊन, ताडकन उभे राहिले आणि मग तसेच राहिले, कारण उठून जायचं कुठं? उभं राहायलाही तीच जमीन होती. कुणी एका पायावर. मातियास चवड्यांवर. सतरा दिवस आम्ही इथं बसून जेवलो होतो, पत्ते खेळलो होतो, मी याच जागी बसून त्यांना शिकवलं होतं की त्या काळातली माणसं मुलांना राहत्या घराच्या जमिनीखाली ठेवायची. एकानं विचारलंही होतं, रोज वर बसून जेवताना त्यांना काही वाटत नसेल का? मी म्हणालो होतो, सवय होत असेल.

"काय झालं? साप हाय का?" मावशी म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना सांगितलं. थोडक्यात, न सजवता. मावशींनी पळी भांड्यात ठेवली. खाली बघितलं. मला वाटलं, आता किंचाळतील.

"पोरगा का पोरगी?"

"ते कळत नाही, मावशी. इतक्या लहानाचं नाही कळत."

"हम्म." त्यांनी पायातली चप्पल काढली, मंडपाच्या बाहेर ठेवली. मग माझ्याकडं वळल्या. "तुला ठावं होतं?"

मंडपात सगळे ऐकत होते. मावशींना इंग्रजी येत नव्हतं आणि मुलांना मराठी, पण प्रश्न सगळ्यांना कळला होता.

"आवाज आला होता," मी म्हणालो.

"आन मग?"



चार दिवस आम्ही ती जमीन चाळली. शिबिराचे उरलेले चारही दिवस त्यातच गेले. वीतभर चौकोन आखून, एकेक पापुद्रा काढून, बारीक जाळीच्या चाळणीतून. मी शिकवलं त्याप्रमाणंच. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, मीही विनोद करत नव्हतो. कवटीचे तुकडे मिळाले, टिकलीपेक्षा जरा मोठे. दुसऱ्या मडक्याची बावीस खापरं. एकोणिसावं मावशींच्या चुलीच्या पायाखाली होतं, चूल डगमगू नये म्हणून. दुधाचे नऊ दात मिळाले. त्यातला एक नेमका माझ्या रोजच्या बसायच्या जागेखाली. मावशी रोज अनवाणी यायच्या, चाळणीशी बसायच्या आणि आमच्याआधी त्यांना दिसायचं.

"ह्याला आता कुठं ठेवणार?" त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं.

"पुण्याला. खोक्यात, कापसात. नंबर घालून," मॅडम म्हणाल्या.

"एकटंच?"

 

त्या दुपारी मॅडमनी मला त्यांच्या तंबूत बोलावलं. टेबलावर नोंदवही उघडी होती, त्या पानावर. माझी झोकदार सही.

"जॉर्जियाला एफुआचं नाव कळवलंय," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे, मॅडम."

"मी तुझं मत विचारलं नाही." त्यांनी पेन पुढं केलं. "हे खोड. एकाच रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे."

उत्खननाच्या नोंदवहीत काही पुसत नाहीत, फाडत नाहीत. चूक खोडायची ती एका रेघेनं, म्हणजे पुढच्याला कळतं की आधी काय वाटलं होतं. मी 'नैसर्गिक थर लागला' यावरून रेघ ओढली. ती वाकडी आली.

"आता खाली लिही. काय झालं ते."

मी लिहिलं: 'खोदकाम करताना मृत्पात्र फुटल्याचा आवाज ऐकू आला. खोदकाम काही काळ थांबवण्यात आलं व नंतर पुन्हा सुरू करण्यात आलं.'

मॅडमनी वाचलं.

"कुणाला ऐकू आला? कुणी थांबवलं?"

मी त्याही दोन ओळींवर रेघ ओढली. बाहेर मुलं सामान बांधत होती. मावशी कुणावरतरी ओरडत होत्या, की डबा विसरलास. एफुआ हसली, मी तिला प्रथमच हसताना ऐकत होतो. बराच वेळ मला पहिला शब्द लिहिता येईना. मॅडम बसून राहिल्या. त्यांना घाई नव्हती.

मग मी लिहिलं: 'मी आवाज ऐकला. मडक्याचा आहे हे मला कळलं. मी काठावर बसून पंधरा शेंगा खाल्ल्या आणि मग फावडं घेतलं.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं, खाली स्वतःची सही केली आणि तारीख घातली.